कवळाण्याचा गोपाळ आणि गावोगावची पुस्तकपेटी



आपल्या मंडळाच्या खोलीत शिवणयंत्रांच्या मागे भिंतीला टेकून पुस्तकांचे एक कपाट उभे आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊकही नसेल. दर बुधवारी ते उघडते आणि पुस्तके नेणाऱ्या आम्ही सगळ्या मिळून दहाबारा जणी. परवाच्या सभेत सूचना आली की, ते कपाट काढावे आणि त्या जागी आणखी एक यंत्र बसवावे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगलाच आहे. यंत्रावर बसणाऱ्या बाईच्या हातात संध्याकाळी चार पैसे पडतात. पुस्तक वाचून काय पडते, असे कोणी विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. मलाही त्या दिवशी सुचले नाही. पण त्याच कपाटात मला बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे एक जुने चरित्र सापडले होते, आणि ते वाचल्यापासून या पुरुषाविषयी जे जे मिळेल ते मी वाचीत आले आहे. कपाटाचा निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. त्याआधी ही हकीकत सर्वांच्या कानावर पडावी म्हणून येथे लिहीत आहे.

बडोद्याचे राजे म्हटले की ते चांदीच्या पाळण्यात वाढले असतील असे आपल्याला वाटते. तसे मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या बाजूला कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात हा मुलगा जन्मला. आईचे नाव उमाबाई. मुलाचे नाव गोपाळ. बडोद्याच्या राजघराण्याशी नाते होते, पण ते फार लांबचे, नुसते सांगण्यापुरते. गावातल्या चार मुलांसारखा गोपाळही शेतात आणि रानात वाढला, आणि बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हते.

तिकडे बडोद्यात १८७० साली खंडेराव महाराज वारले. त्यांच्या राणी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, म्हणून सारे राज्य बाळंतपणाकडे डोळे लावून बसले. मुलगी झाली. मग गादी दिराकडे, मल्हाररावांकडे गेली. मुलगी झाली म्हणून एका बाईच्या वाट्याला काय येते ते आपणांस मी सांगायला नको. जमनाबाईंना ती वर्षे भीतीच्या छायेत बडोद्याबाहेर काढावी लागली. पुढे मल्हाररावांचा कारभार फार बिघडला आणि १८७५ साली इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. मग जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुलगे आणले गेले, आणि त्यांतून बाईंनी गोपाळाला पसंत केले. बडोद्यास कशासाठी आलास असे विचारल्यावर त्याने राज्य करायला आलो असे बेधडक सांगितले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळाचे सयाजीराव झाले.

राज्य मिळाले, पण अक्षरओळख व्हायचीच होती. या ठिकाणी मला थांबावेसे वाटते, कारण चरित्र लिहिणारे हा भाग दोन ओळींत उरकतात. बारा वर्षांच्या मुलाला, ज्याच्या वयाची मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जाऊ लागलेली असत, पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागली. त्यातून एक भाषा नव्हे. घरची मराठी, प्रजेची गुजराती, शिवाय उर्दू आणि इंग्रजी. इलियट नावाचे इंग्रज गृहस्थ शिक्षक म्हणून नेमले होते, आणि दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे पाठ देत. सकाळ-संध्याकाळ तालीम, घोडदौड, आणि मधला दिवस पुस्तकांपुढे. आपल्या मंडळाच्या साक्षरता वर्गात ज्या अक्का आणि मावशी पन्नाशीत पाटीवर अक्षर गिरवायला बसल्या होत्या, त्यांना विचारा. मोठेपणी अक्षर शिकणाऱ्याला लहानाहून चौपट कष्ट पडतात आणि लाज वाटते ती वेगळीच. पण असे मिळवलेले अक्षर माणूस मग सोडीत नाही. महाराजांनी ते पुढे जन्मभर सोडले नाही.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचा सारा अधिकार त्यांच्या हाती आला. वय अठरा. त्यांचे वाचन पुढे इतके वाढले की, वाचून दाखवण्यासाठी आणि टिपणे काढण्यासाठी विद्वान माणसे पदरी ठेवलेली असत. मराठी रियासत लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई हे १८८९ साली बडोद्यास नोकरीला लागले ते महाराजांचे वाचक म्हणून. नंतर ते राजपुत्रांचे शिक्षक झाले. म्हणजे महाराष्ट्राचा एवढा मोठा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांच्या पगाराचे पहिले काम दुसऱ्याला पुस्तक वाचून दाखवणे हे होते. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्या घरी सासूबाईंना पोथी वाचून दाखवताना आपणही ते काम करतोच, फक्त त्याला पगार नसतो.

घरच्या बाजूने मात्र या माणसाने पुष्कळ सोसले. पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. त्या १८८५ साली क्षयाने गेल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी दुसरा विवाह झाला. त्याही बडोद्यास चिमणाबाई याच नावाने ओळखल्या गेल्या. पुढे कर्तेसवरते झालेले तीन मुलगे महाराजांच्या डोळ्यांदेखत गेले. थोरले फत्तेसिंहराव १९०८ साली वारले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

दुसऱ्या चिमणाबाईंविषयी थोडे अधिक सांगितलेच पाहिजे, कारण स्त्रियांच्या स्मरणिकेत नाही सांगायचे तर कोठे? पडद्याच्या रिवाजात लग्न होऊन आलेल्या या बाईंनी पतीबरोबर परदेशचा प्रवास केला, तिकडच्या स्त्रियांच्या संस्था पाहिल्या, आणि १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर एका लेखकाच्या साहाय्याने इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यास भरले, त्याच्या अध्यक्षा याच. बडोद्यात स्त्रियांसाठी उद्योगालयही त्यांच्या नावाने निघाले. म्हणजे यंत्र आणि पुस्तक यांचे वैर असते असे निदान त्या घरात तरी कोणाला वाटत नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १८९३ साली महाराजांनी अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करून पाहिले. अनुभव चांगला आला आणि १९०६ सालापासून ते साऱ्या राज्यात लागू केले. इंग्रजी मुलुखात नामदार गोखले तशीच मागणी करीत होते आणि ती मान्य होत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मुलींनाही सक्ती होती, मात्र मुलींचे सक्तीचे वय मुलांच्या आधीच संपत असे. बालविवाहाला आळा घालणारा कायदा बडोद्यात १९०४ साली झाला होता, तरी मुलगी दहा वर्षांची झाली की तिने घरात राहावे हीच समजूत बहुतेक घरांतून होती.

आणि येथेच अडचण उभी राहिली. शाळा सुटली की मूल शेतावर किंवा चुलीपुढे जाते. घरात छापील कागद नाही. दोनचार वर्षांत शिकलेले अक्षर पुसट होते, आणि आणखी काही वर्षांनी सही करण्यापुरते उरते. सरकारने पाच वर्षे पैसा खर्च करून शिकवलेले पुढच्या पाच वर्षांत फुकट जाते. हे काही मी पुस्तकातून शिकलेले नाही. माझी शाळा सातवीनंतर सुटली. लग्न होऊन सोलापुरास आले तेव्हा घरात वाचायला होते ते एक दिनदर्शिका आणि किराण्याच्या पुडीचे कागद. डाळ डब्यात ओतली की मी पुडी सोडवून, कागद सरळ करून वाचीत असे. बातमी अर्धीच असायची, पुढचा भाग कोणा दुसरीच्या पुडीला गेलेला. एखाद्या बाईला वाचायला येते आणि वाचायला मिळत नाही, याची बोच ज्याला त्यालाच कळते. महाराजांना ती कशी कळली असेल याचा मी पुष्कळ विचार केला. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरावाचून राहिलेल्या माणसालाच ती कळावी, असे मला वाटते.

बडोद्याच्या मुलुखात त्या आधीच एक माणूस या कामाला लागला होता. मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक. मुलांत वाचनाची गोडी लावणे हे त्यांचे वेड. १९०६ च्या सुमारास त्यांनी मित्रमंडळ वाचनालये या नावाने खेड्याखेड्यांतून लहान वाचनालये काढली. पैसा थोडा, वर्तमानपत्रे थोडी, पण माणसे जमू लागली. दरबाराने त्यांना मदत दिली.

१९१० साली महाराज अमेरिकेत होते. तेथल्या गावोगावची मोफत वाचनालये त्यांनी पाहिली. आपल्याकडे त्या वेळी वाचनालय म्हणजे वर्गणीदारांची जागा. चार वकील, चार शिक्षक, आरामखुर्च्या आणि आत येऊ पाहणाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघणारा कारकून. तिकडे मजूरही कामावरून येऊन पुस्तक नेतो, आणि त्याला कोणी अडवीत नाही, हे महाराजांनी पाहिले. त्यांनी विल्यम बोर्डन नावाच्या अनुभवी ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. बोर्डन १९१० च्या अखेरीस आले आणि १९१३ पर्यंत राहिले. त्यांना ना मराठी येत होते, ना गुजराती. तीन वर्षांत त्यांनी जे उभे केले ते पाहून नवल वाटते.

महाराजांनी राजवाड्यातला आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह, सुमारे २०,००० पुस्तके, या कामासाठी देऊन टाकला. त्यातून बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. राज्याचे वेगळे ग्रंथालय खाते निघाले. १९११ साली ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू झाला, कारण पुस्तके मिळवणे सोपे, पण आलेल्या माणसाला काय हवे ते ओळखून हाती देणारा माणूस मिळणे अवघड. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत मजकूर असलेले ग्रंथालयांविषयीचे त्रैमासिकही निघू लागले. बोर्डन गेल्यावर खात्याची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्या मराठी गृहस्थांकडे आली. मोतीभाई अमीनही पुढे याच खात्यात काम करू लागले.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता, आणि मुलांसाठी निराळे दालन, त्यात पुस्तकांबरोबर खेळही मांडलेले. आईने एकीकडे पुस्तक पाहावे आणि मूल दुसरीकडे रमावे, ही सोय शंभर वर्षांपूर्वी कोणाला सुचली होती! आपल्या बुधवारी कडेवर मूल घेऊन येणारी सून पाच मिनिटांत परत का फिरते, याचे उत्तर मला त्या दालनाचे वर्णन वाचताना मिळाले.

खेड्यांसाठी जी पद्धत ठेवली ती मोठी हिशेबी होती. राजाने सरसकट पैसा वाटला नाही. वाचनालयासाठी गावाने वर्षाला जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांताच्या पंचायतीने द्यावी आणि तेवढीच दरबाराने द्यावी. अर्थात याला मर्यादा घातलेली होती. खेड्याची मर्यादा लहान, शहराची मोठी. म्हणजे गावाने घातलेल्या एका रुपयाचे तीन होत. इमारत बांधायची तरी हाच तिसऱ्या हिश्श्याचा नियम. गावाने आपला हिस्सा टाकला की ते वाचनालय गावाचे होते, दरबाराचे राहत नाही. मग कोणी पुस्तक फाडले तर गाव ओरडते. आपल्या भिशीत पहिला हप्ता स्वतःचा टाकल्यावर बाई जशी हिशेबाकडे लक्ष देते, तसेच हे. बहुतेक गावी शाळामास्तरच ग्रंथपालाचे काम पाहत. अशी वाचनालये पुढे हजाराच्या वर गेली.

पण ज्या गावी तेवढेही जमण्यासारखे नव्हते, तेथे काय? त्यासाठी पेटी होती, आणि माझ्या मते साऱ्या योजनेतली सर्वांत सुंदर गोष्ट तीच. मजबूत लाकडी पेटी, आत साधारण १५ ते ३० पुस्तके. गावातल्या कोणा जबाबदार माणसाने मागणी करायची. पेटी बडोद्याहून आगगाडीने निघायची, पुढे गाडीने किंवा डोक्यावरून गावात पोचायची. जाण्यायेण्याचा खर्च दरबाराचा. गावाने एक पैसाही द्यायचा नाही. काही दिवस ती गावात राहायची, लोक पुस्तके न्यायचे, आणायचे, मग पेटी परत आणि नवी पेटी हजर. याला फिरते वाचनालय म्हणत. मद्रासेकडे मन्नारगुडी येथे बैलगाडीतून पुस्तके नेण्याचा प्रयोग १९३१ साली झाला आणि त्याचे फार कौतुक होते, ते योग्यच आहे. पण बडोद्याच्या पेट्या त्याच्या वीस वर्षे आधीपासून फिरत होत्या. माणसाने पुस्तकापर्यंत यावे अशी वाट न पाहता पुस्तकानेच उठून माणसाच्या दारी जावे, ही त्यातली कल्पना. शेतकऱ्याला दिवसभर सवड नाही, बाईला उंबरा ओलांडायला परवानगी नाही. पेटीला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आणि ज्यांना वाचताच येत नाही, त्यांनाही वगळले नाही. त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची एक वेगळी शाखा होती, ती चित्रे दाखवीत असे. जादूचा कंदील, पुढे हलती चित्रे, आणि एका वेळी एकाने डोळे लावून पाहायचे चित्रयंत्र. खेड्यातल्या चौकात पडदा लावून आगगाडी न पाहिलेल्या माणसांना दूरदूरचे देश दाखवले जात. म्हणजे वाचनालयाचे काम पुस्तके सांभाळण्याचे नसून ज्याला जे कळत नाही ते त्याला कळेल अशा वाटेने पोचवण्याचे आहे, असे ते खाते धरून चालत होते.

संस्कृत हस्तलिखितांसाठीही मोठे काम झाले. जुने ग्रंथ शोधून छापण्याची गायकवाड प्राच्यमाला १९१६ साली सुरू झाली आणि त्या विभागातून १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर निघाले. तो विद्वानांचा विषय. मी त्यात शिरत नाही.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती गाळली तर ही नुसती आरती होईल. १९१३ साली महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी बडोद्यात शाळा त्याच्या कितीतरी आधी उघडल्या होत्या, आणि सवर्ण शिक्षक तेथे शिकवायला तयार होईनात तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले होते. १९१७ साली बाबासाहेब करारान्वये बडोद्यास नोकरीला आले. एवढे शिकलेल्या माणसाला त्या शहरात भाड्याची खोली मिळेना. पारशांच्या वसतिगृहात नाव लपवून राहिले, ते उघडकीस आल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले. दरबारालाही त्यांची सोय लावता आली नाही. गाडीच्या वेळेपर्यंत ते शहरातल्या बागेत बसून राहिले आणि मुंबईस परतले. ती बागही महाराजांच्याच कारकिर्दीत लोकांसाठी केलेली. राजाने हुकूम काढला तरी गल्लीच्या मनात काय आहे ते हुकमाने बदलत नाही. पुस्तकाची पेटी कोणाच्या ओट्यावर ठेवतो, यावर तिच्याजवळ कोण येईल आणि कोण येणार नाही हे ठरते. आपल्याही कपाटाचा विचार करताना हे मनात असावे म्हणून लिहिले. आपल्या मंडळात पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या तेलुगू भगिनी किती येतात, ते प्रत्येकीने आठवून पाहावे.

महाराज वर्षातले पुष्कळ दिवस विलायतेत घालवतात, अशी टीका त्यांच्या हयातीत होत असे. ती अगदीच खोटी नव्हती. प्रकृतीही साथ देत नव्हती. पण तिकडून ते नुसते हातरुमाल आणि अत्तरे घेऊन येत नसत, एवढे तर वर सांगितलेल्यावरून दिसतेच. मराठीशी त्यांचे नाते शेवटपर्यंत टिकले. १९३२ साली कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वयाच्या बाराव्या वर्षी ज्याला धुळाक्षरे गिरवावी लागली, तो साहित्यिकांच्या सभेचा अध्यक्ष झाला. कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाला १९३६ साली त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढून ठेवला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, आणि आपल्या महाराष्ट्र राज्याने १९६७ साली. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्यांना काचेची जमीन, म्हणजे उजेड खालपर्यंत पोचावा, अशी त्याची रचना आहे. बडोद्यास जाणाऱ्या भगिनींनी राजवाडा पाहून झाल्यावर तेही पाहून यावे.

आपल्या सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, तेव्हा मंडळाला वेगळे कपाट कशाला, असेही सभेत कोणी म्हणाले. म्हणणे बरोबर आहे, ज्यांना तेथपर्यंत जाता येते त्यांच्यापुरते. दुपारी नळाला पाणी येते तेव्हा घर सोडता येत नाही, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे एका पुस्तकासाठी कोणी देत नाही. हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे हेही खरे, पण त्यावर आपण किती वाचतो आणि किती नुसते सरकवतो, हे आपले आपल्याला माहीत.

क्यूबा नावाचे बेट आहे, तेथे चिरूट वळण्याच्या कारखान्यांत १८६५ च्या सुमारापासून एक रीत आहे. कामगार चिरूट वळतात आणि उंच जागी बसून एक जण त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबरी मोठ्याने वाचून दाखवतो. त्याचा पगार पूर्वी कामगार आपसांत वर्गणी काढून देत. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. आपल्याकडे सूप मांडीवर घेऊन चार जणी बिड्या वळत बसतात, तेथे पाचवीने वाचायला काय हरकत आहे? मराठी वाचावे, तेलुगू येत असेल तर तेलुगूही वाचावे.

तेव्हा सभेपुढे माझे म्हणणे असे आहे. यंत्र जरूर आणावे आणि कपाटाच्या जागेवरच बसवावे. पुस्तके मात्र रद्दीत जाऊ नयेत. शिवणवर्गात उरलेल्या चादरीच्या तुकड्यांच्या मजबूत पिशव्या मी शिवून देते, सध्या आठ पुरेत. प्रत्येक पिशवीत दहा पुस्तके; त्यांत दोन मुलांची, एक आरोग्याचे आणि एक मोठ्या अक्षरांचे असावे. एका गल्लीत एक पिशवी महिनाभर राहील, मग पुढच्या गल्लीत जाईल. पिशवी ठेवण्यासाठी असा ओटा हवा की जेथे कोणालाही बसायला संकोच वाटणार नाही. वहीची व्यवस्था मी पाहीन. पुस्तक हरवले तर दंड नको. तिसऱ्या हिश्श्याच्या हिशेबाने गल्लीने एक भाग भरावा, दोन भाग मंडळाने. आपला ओटा देण्यास ज्या भगिनी तयार असतील त्यांनी येत्या बुधवारी, कपाट आहे तोवर, माझ्याकडे नावे द्यावीत. पहिल्या दोन पिशव्या शिवून झाल्या आहेत.